रक्ताच्या पिशवीतून हिवताप

हिवताप डास चावल्याने होतो, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक असते. साचलेले पाणी, ॲनोफिलीस डासाची मादी, तिचा दंश आणि मग थंडी वाजून येणारा ताप, ही साखळी पाठ्यपुस्तकांनी मनात पक्की बसविली आहे. परंतु या रोगाला मानवी शरीरात शिरण्यास आणखी एक वाट उपलब्ध असते आणि तिच्यात डासाचा प्रत्यक्ष संबंध येत नाही. ती वाट रुग्णालयातील खाटेशेजारी टांगलेल्या रक्ताच्या पिशवीतून जाते. ज्या रक्ताने प्राण वाचावयाचे, त्याच रक्तातून रोगाचे परजीवी रुग्णाच्या देहात उतरू शकतात. असे क्वचितच घडते. मात्र ज्याच्या बाबतीत घडते तो रुग्ण बहुधा आधीच दुर्बल झालेला असतो. म्हणूनच रक्त देणारा, शिबिर भरविणारा आणि रक्त घेणाऱ्या रुग्णाचे आप्त, या तिघांनीही हा विषय समजून घेणे अगत्याचे आहे.

डासाच्या आधी रक्त

वैद्यकशास्त्राच्या इतिहासात या बाबतीत एक विलक्षण क्रम आढळतो. फ्रेंच लष्करी वैद्य आल्फाँस लाव्हेरान यांनी १८८० मध्ये अल्जीरियात हिवतापाच्या रुग्णाच्या रक्तात त्या रोगाचा परजीवी प्रथम पाहिला. तो माणसाच्या शरीरात कसा येतो, हे मात्र तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. १८८४ मध्ये जर्मनीतील कार्ल गेऱ्हार्ट यांनी हिवतापाच्या रुग्णाचे रक्त निरोगी व्यक्तीला टोचून हा रोग रक्तावाटे पसरतो, असे दाखवून दिले. डासाचा दोष सिद्ध होण्यास त्यानंतर तेरा वर्षे जावी लागली. अल्मोडा येथे जन्मलेल्या रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचा परजीवी दिसला. याचा अर्थ असा की, आज जी वाट आपल्याला अपवादात्मक वाटते तीच शास्त्राला आधी सापडली होती.

पुढे या वाटेचा उपयोग उपचारासाठीही करण्यात आला. व्हिएन्नातील वैद्य युलियस वॅग्नर-याउरेग यांनी १९१७ मध्ये उपदंशामुळे मेंदू बिघडलेल्या रुग्णांना हिवतापाच्या रुग्णाचे रक्त जाणूनबुजून टोचले. हिवतापाच्या तीव्र ज्वराने त्या रोगाला आळा बसेल, अशी त्यांची धारणा होती. या कार्यासाठी त्यांना १९२७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पेनिसिलीन आल्यावर ही पद्धत मागे पडली. तथापि थोड्याशा रक्तातूनही हिवताप एका देहातून दुसऱ्या देहात खात्रीने जातो, याचे प्रमाण तिने शास्त्राच्या हाती ठेवले. रुग्णाला रक्त चढविताना अनवधानाने हिवताप झाल्याची पहिली नोंद त्याआधीच, १९११ मध्ये, झालेली होती.

परजीवीचे वसतिस्थान

डास चावतो तेव्हा परजीवी प्रथम यकृतात जातात. तेथे काही दिवस त्यांची वाढ होते आणि नंतर ते रक्तात येऊन तांबड्या पेशींत शिरतात. पेशीत वाढावे, ती फोडून बाहेर पडावे आणि नव्या पेशीत शिरावे, असा त्यांचा क्रम चालू राहतो. पेशी एकाच वेळी मोठ्या संख्येने फुटतात तेव्हा रुग्णाला हुडहुडी भरते व ताप चढतो.

रक्त चढविताना यकृताचा हा मुक्काम वगळला जातो. परजीवी तांबड्या पेशींत बसूनच येतात आणि लगेच आपले काम सुरू करतात. यातून उपचारातही एक भेद निर्माण होतो. व्हायव्हॅक्स जातीच्या परजीवीचे काही सुप्त रूप यकृतात दडून राहते आणि काही महिन्यांनी पुन्हा ताप आणते. म्हणून डासापासून झालेल्या अशा हिवतापात क्लोरोक्विनखेरीज यकृतातील परजीवींवर चालणारे प्रायमाक्विन हे औषधही दिले जाते. रक्तातून आलेल्या व्हायव्हॅक्समध्ये यकृताचा टप्पाच नसल्याने त्या औषधाची सामान्यतः गरज पडत नाही. याचा निर्णय अर्थातच डॉक्टरांनी करावयाचा असतो. पण त्यांना तो करता यावा यासाठी रुग्णाने रक्त घेतले होते, ही माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचली पाहिजे.

रक्तपेढीच्या शीतकपाटात २ ते ६ अंश सेल्सियस तापमानाला रक्त ठेवले, तर परजीवी मरत नाहीत काय, असा प्रश्न स्वाभाविकपणे मनात येतो. त्यांची शक्ती दिवसागणिक कमी होते, हे खरे आहे. परंतु एक आठवडा ते सहज तग धरतात आणि दोन आठवड्यांनंतरच्या रक्तातूनही लागण झालेली आहे. तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस साठविता येत असल्या, तरी आपल्याकडे मागणी एवढी असते की पुष्कळ पिशव्या थोड्याच दिवसांत वापरल्या जातात. बिंबिका, म्हणजेच प्लेटलेट्स, तर २० ते २४ अंशांवर ठेवाव्या लागतात व पाच दिवसांत वापराव्या लागतात. त्यांत तांबड्या पेशींचा अल्प अंश राहतो, म्हणून तेथेही धोका पूर्णपणे संपत नाही. गोठविलेल्या रक्तद्रवात तो जवळजवळ नसतो. पांढऱ्या पेशी गाळून काढणाऱ्या आधुनिक गाळणीचाही येथे उपयोग होत नाही, कारण परजीवीचे घर तांबड्या पेशीत असते.

तपासणीचे साधे गणित

भारतात दान केलेल्या रक्ताच्या प्रत्येक पिशवीची पाच रोगांसाठी तपासणी करणे कायद्याने बंधनकारक आहे: एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, उपदंश आणि हिवताप. मग चिंता कशाला, असे कोणालाही वाटेल. त्याचे उत्तर एका साध्या गणितात सापडते.

एका पिशवीत साधारणतः ३५० मिलिलीटर रक्त घेतले जाते. एका मिलिलीटरचे एक हजार घनमिलीमीटर होतात. म्हणजे पिशवीत साडेतीन लाख घनमिलीमीटर रक्त असते. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून, रंग देऊन, सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारा तंत्रज्ञ प्रत्यक्षात एका घनमिलीमीटरपेक्षाही कमी रक्त पाहत असतो. अनुभवी तंत्रज्ञाला एका घनमिलीमीटरमध्ये पन्नासच्या आसपास परजीवी असतील, तर ते बहुधा दिसतात. काही मिनिटांत निकाल देणाऱ्या रॅपिड किटला साधारण शंभर ते दोनशे लागतात. आता समजा, एखाद्या दात्याच्या रक्तात दर दहा घनमिलीमीटरमागे केवळ एक परजीवी आहे. काचपट्टी निर्दोष ठरेल, किटही निर्दोष ठरेल आणि पिशवीत मात्र पस्तीस हजार परजीवी असतील. संसर्गासाठी अवघे दहा परजीवीही पुरेसे ठरू शकतात, असे शास्त्रज्ञ मानतात.

यात तंत्रज्ञाचा हलगर्जीपणा मुळीच नाही. चाळणीच्या छिद्रांपेक्षा बारीक कण चाळणीतून निसटणारच. तपासणीमुळे धोका बराच घटतो, पण तो शून्यावर येत नाही. उरलेल्या धोक्यापासून संरक्षण देणारी भिंत प्रयोगशाळेच्या बाहेर, रक्तदानापूर्वी भराव्या लागणाऱ्या प्रश्नपत्रिकेत उभी असते.

निरोगी दिसणारा दाता

अंगात ताप असताना कोणी रक्त देत नाही आणि दिले तरी डॉक्टर घेत नाहीत. खरी अडचण ताप नसलेल्या दात्याची असते. असे दाते तीन प्रकारचे असू शकतात.

पहिला प्रकार म्हणजे ज्याला डास चावून आठ-दहा दिवस झाले आहेत, परंतु अद्याप ताप आलेला नाही. फॅल्सिपेरम जातीत दंशानंतर साधारण ९ ते १४ दिवसांनी, तर व्हायव्हॅक्समध्ये १२ ते १७ दिवसांनी लक्षणे दिसतात. या काळाच्या शेवटी परजीवी रक्तात उतरलेले असतात. माणूस मात्र ठणठणीत असतो.

दुसरा प्रकार नुकताच हिवतापातून उठलेल्यांचा. दोन दिवसांत ताप उतरला म्हणून गोळ्या मध्येच थांबविणारे पुष्कळ असतात. त्यांच्या रक्तात थोडे परजीवी शिल्लक राहिलेले असू शकतात.

तिसरा प्रकार वारंवार हिवताप होणाऱ्या प्रदेशात वाढलेल्यांचा. पुनःपुन्हा लागण झाल्याने त्यांच्या शरीरात अंशतः प्रतिकारशक्ती निर्माण होते. परजीवी अंगात असतात, पण त्रास देत नाहीत. आपल्या राज्यात गडचिरोली जिल्ह्यातील वनप्रदेश हिवतापासाठी दीर्घकाळ परिचित आहे. मुंबईसारख्या महानगरात बांधकामाच्या जागी आणि गच्चीवरील टाक्यांत वाढणारा ॲनोफिलीस स्टीफेन्सी हा डास शहरी हिवताप पसरवितो. त्यामुळे हा प्रश्न केवळ दूरच्या वनवासी बांधवांचा आहे, असे समजण्याचे कारण नाही. मलेरी जातीचा परजीवी तर एखाद्याच्या रक्तात अनेक दशके मुक्काम ठोकून राहिल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात आहेत.

या तिघांनाही स्वतःच्या रक्तातील दोष माहीत नसतो. पण तिघांपाशीही काही माहिती निश्चित असते: गेल्या काही महिन्यांत ताप आला होता काय, औषध पूर्ण घेतले काय, प्रवास कोठे झाला. ही माहिती सूक्ष्मदर्शकाला मिळू शकत नाही. ती दात्याने सांगावी लागते.

नियम काय सांगतो

राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हिवताप झालेल्या व्यक्तीने पूर्ण बरे झाल्यानंतर तीन महिने रक्त देऊ नये. उदाहरणार्थ, १० ऑगस्टला पूर्ण बरे वाटले असेल, तर १० नोव्हेंबरपर्यंत थांबावे. हा नियम दात्याला अपात्र ठरवीत नाही. त्याची पाळी फक्त पुढे ढकलतो.

ही परिषद १९९६ मध्ये अस्तित्वात आली, त्यामागे सर्वोच्च न्यायालयाचा एक महत्त्वाचा निर्णय आहे. 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर निकाल देताना न्यायालयाने पैसे घेऊन रक्त विकण्याची पद्धत बंद करण्याचा आदेश दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून व्यावसायिक रक्तदात्यांवर बंदी आली. या निर्णयाचे मर्म हिवतापाच्या संदर्भात विशेष स्पष्ट होते. रक्त विकून पोट भरणाऱ्याला खरे उत्तर देणे परवडत नाही. 'गेल्या महिन्यात ताप आला होता' असे सांगितले की त्या दिवसाची कमाई बुडते. स्वेच्छेने देणाऱ्याला असत्य बोलण्याचे कारण नसते. स्वैच्छिक रक्तदान सुरक्षित मानले जाते, ते यामुळेच.

परंतु रक्तदानाला पैशाखेरीज दुसरा कोणताही दबाव नसतो, असेही म्हणता येणार नाही. रुग्णाच्या बदल्यात रक्त देण्यासाठी आणलेला भाचा किंवा जावई 'मला मागच्या महिन्यात मलेरिया झाला होता' असे सर्व नातेवाइकांसमोर सांगण्यास संकोचतो. मंडळाच्या शिबिरात मित्रांबरोबर रांगेत उभा असलेला तरुण मागे फिरण्यास लाजतो. पंचविसाव्या किंवा पन्नासाव्या दानाचा टप्पा गाठणाऱ्याला एक संधी हुकणे जिवावर येते. हेतू सर्वांचा चांगलाच असतो. तरीही त्या एका दडविलेल्या उत्तराची किंमत दुसऱ्याच कोणाला मोजावी लागते.

परदेशातील अनुभव

ज्या देशांत स्थानिक हिवताप उरलेला नाही, तेथील अनुभव या बाबतीत उद्‌बोधक आहे. अमेरिकेत १९६३ ते १९९९ या काळात रक्तातून हिवताप झाल्याची ९३ प्रकरणे नोंदली गेली. त्यांपैकी १० रुग्ण दगावले. दात्यांचा मागोवा घेतला असता असे आढळले की, ज्यांची संपूर्ण माहिती मिळू शकली त्यांपैकी निम्म्याहून अधिक दात्यांना नियमांनुसार रक्त देण्यापासून थांबवायला हवे होते. म्हणजे मोठी उणीव प्रश्न विचारण्याच्या आणि उत्तर देण्याच्या प्रक्रियेत होती.

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांशीही याचा थेट संबंध येतो. हिवताप असलेल्या भागात प्रवास करून परतलेल्यांना अमेरिकेत पूर्वी एक वर्ष रक्त देता येत नसे. २०२० मध्ये हा काळ तीन महिन्यांवर आणण्यात आला. ब्रिटनमध्ये परतल्यावर किमान चार महिने थांबून रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी केली जाते व ती निर्दोष आल्यास रक्त स्वीकारले जाते. सुटीत गावी येऊन गेलेल्यांनी तेथील रक्तकेंद्रात आपल्या प्रवासाची माहिती न चुकता द्यावी.

ब्रिटनची ही प्रतिपिंड-चाचणी भारतात का वापरत नाहीत, अशी शंका येऊ शकते. प्रतिपिंडे पूर्वी कधीतरी लागण झाल्याची खूण असतात. आज परजीवी आहेत की नाहीत, हे ती सांगत नाहीत. जेथे असंख्य लोकांना कधी ना कधी हिवताप होऊन गेला आहे, तेथे ही चाचणी लावली तर चांगले रक्तही मोठ्या प्रमाणावर फेकून द्यावे लागेल. रक्ताचा तुटवडा असलेल्या देशात त्यानेही माणसे दगावतील. प्रत्येक देशाला आपल्या परिस्थितीला साजेसा मार्ग शोधावा लागतो.

नवे मार्गही पुढे येत आहेत. घानातील कुमासी येथे झालेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रक्तात रायबोफ्लेविन, म्हणजे जीवनसत्त्व ब-२, मिसळून त्यावर अतिनील किरण सोडण्यात आले. परजीवी असलेले, पण प्रक्रिया न केलेले रक्त मिळालेल्या रुग्णांपैकी २२ टक्क्यांना संसर्ग झाला. प्रक्रिया केलेले रक्त मिळालेल्यांत हे प्रमाण ४ टक्के होते. २०२४ मध्ये अमेरिकेच्या नियामक संस्थेने परजीवीच्या जनुकीय द्रव्याचा शोध घेणाऱ्या एका चाचणीला रक्तदात्यांसाठी मान्यता दिली. काचपट्टीपेक्षा ती कितीतरी पटींनी सूक्ष्म आहे. अशा पद्धती खर्चिक असतात. त्या गावोगावी पोहोचेपर्यंत प्रश्नपत्रिकेचे महत्त्व यत्किंचितही कमी होणार नाही.

ज्यांना सर्वाधिक धोका

थॅलेसेमियाग्रस्त बालकाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त घ्यावे लागते. वर्षाला वीस-पंचवीस पिशव्या म्हणजे वीस-पंचवीस अनोळखी दात्यांच्या प्रामाणिकपणावर टाकलेला विश्वास. अशा काही मुलांची प्लीहा शस्त्रक्रियेने काढलेली असते. प्लीहा हे परजीवींचा नाश करणारे एक प्रमुख इंद्रिय असल्याने त्यांच्यात हिवताप उग्र रूप धारण करू शकतो. नवजात अर्भके, गर्भवती स्त्रिया आणि कर्करोगाचे उपचार घेणारे रुग्ण यांनाही विशेष जपावे लागते.

रक्त चढविल्यानंतर काही तासांत येणारा ताप बहुधा रक्ताच्या प्रतिक्रियेचा असतो. परंतु एक ते चार आठवड्यांनी, किंवा काही वेळा त्याहूनही उशिरा, थंडी वाजून ताप आला तर हिवतापाची शंका घ्यावी. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला ताप आला की लक्ष प्रथम जखमेकडे जाते आणि मौल्यवान दिवस निघून जातात. आप्तांनी रक्त चढविल्याची तारीख डॉक्टरांना आपण होऊन सांगावी व हिवतापाच्या तपासणीची विनंती करावी. तपासणी स्वस्त आहे, औषधे उपलब्ध आहेत आणि वेळीच दिली तर रुग्ण पूर्ण बरा होतो. निदान झाल्यास रक्तपेढीलाही कळवावे. एका दानातून तांबड्या पेशी, रक्तद्रव व बिंबिका वेगळ्या करून दोन-तीन रुग्णांना दिलेल्या असू शकतात. एकाचे निदान दुसऱ्याचा जीव वाचवू शकते. रक्त संक्रमणातील अशा दुष्परिणामांची नोंद ठेवण्यासाठी भारतात डिसेंबर २०१२ पासून 'हिमोव्हिजिलन्स' हा राष्ट्रीय कार्यक्रमही चालविला जातो.

शिबिर भरविताना

आपल्याकडील अनेक मोठी रक्तदान शिबिरे स्वातंत्र्यदिन, पर्युषण, गणेशोत्सव अशा प्रसंगी, म्हणजे ऐन पावसाळ्यात होतात. हिवतापाचा बहरही याच महिन्यांत असतो. डेंग्यूमुळे बिंबिकांची मागणीही याच काळात वाढते, तेव्हा शिबिरे बंद ठेवणे हा उपाय असू शकत नाही. ती अधिक काळजीपूर्वक भरविणे, हाच उपाय होय.

त्यासाठी फार खर्च लागत नाही. प्रश्नपत्रिका मराठीत असावी आणि ती भरण्यास दात्याला पुरेसा वेळ मिळावा. डॉक्टरांशी बोलण्याची जागा रांगेपासून दूर, आडोशाला असावी, म्हणजे मित्रांच्या वा नातेवाइकांच्या देखत काही सांगण्याचा प्रसंग येत नाही. 'गेल्या तीन महिन्यांत मलेरिया झाला होता का?' याबरोबरच 'थंडी वाजून ताप आला होता का? त्यासाठी गोळ्या घेतल्या होत्या का?' असेही विचारावे, कारण अनेकांचे निदान झालेलेच नसते. ज्यांना थांबविले जाते, त्यांची नावे वेगळ्या वहीत लिहून पात्र होण्याची तारीख त्यांना द्यावी आणि त्या तारखेनंतर आठवणीने दूरध्वनी करावा. शिबिराचा अहवाल लिहिताना जमलेल्या पिशव्यांच्या आकड्याबरोबर थांबविलेल्या दात्यांची संख्याही लिहावी. ती संख्या शिबिराचे अपयश दर्शवीत नाही. तपासणी गांभीर्याने झाली, एवढेच ती सांगते.

प्रत्येक दात्याला रक्तपेढीचा दूरध्वनी क्रमांक द्यावा आणि पुढील दोन-तीन आठवड्यांत ताप आल्यास तत्काळ कळविण्यास सांगावे. पिशवी अद्याप शीतकपाटात असेल, तर ती बाजूला काढता येते. दिलेली असेल, तर रुग्णाच्या डॉक्टरांना सावध करता येते. असा एक दूरध्वनी करणारा दाता त्या रुग्णासाठी रक्तदानाइतकेच मोठे काम करतो.

या सर्व विवेचनाने कोणी रक्त देण्यास किंवा घेण्यास कचरू नये. बाळंतपणात अतिरक्तस्राव झालेली माता, अपघातातील जखमी, थॅलेसेमियाचे बालक यांना रक्त न मिळण्याचा धोका हिवतापाच्या धोक्याहून अनेक पटींनी मोठा आहे. रक्त देताना दात्याच्या हाताला सुई टोचल्याचा भास अभावितपणेच होऊन जातो आणि तो दानाचा क्षण मानला जातो. वास्तविक दान त्याच्या थोडे आधी, आडोशाच्या टेबलापाशी सुरू झालेले असते. तेथे 'होय, मागच्याच महिन्यात मलेरिया झाला होता' असे सांगून रिकाम्या हाताने परतणाऱ्या तरुणाला कार्यकर्त्यांनी चहा द्यावा, त्याचे आभार मानावेत आणि तीन महिन्यांनंतरची तारीख त्याच्या हाती द्यावी.